भुवयांची मुलाखत

तेओदोल्फो हेल्यादा हा माझा विद्यार्थी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा होता. चार वर्षांच्या पदवीचं त्याचं ते नववं वर्ष, त्यामुळे प्रसारण विभागात तो बहुतेक प्राध्यापकांनाही सीनियरच. कपाटाची किल्ली कुठे ठेवतात, कोणता माइक ओठांना शॉक देतो, कॅमेऱ्याच्या कोणत्या तिपाईला बसकण मारायची सवय आहे, हे नव्याने रुजू होणाऱ्या प्राध्यापकांना तोच समजावून सांगे. मुलं त्याला 'नोंग दोल्फो' म्हणत, म्हणजे दोल्फोदादा. वर्गाबाहेर मीही नोंगच म्हणायचो. वर्गात मात्र मी आत शिरलो की तो ताडकन उभा राहायचा, आणि मला उगीच खिडकीबाहेर काहीतरी बघावं लागायचं.

कॉलेजचे तास सोडले तर तो फिलिपिन्समधल्या आमच्या मियागाओ गावच्या जीप-तळावर पुकाऱ्याचं काम करायचा. इलोइलो शहराकडे जाणाऱ्या गाडीच्या दाराशी उभं राहायचं आणि गाडी भरेपर्यंत ओरडायचं, एवढंच ते काम. पण ते त्याने वीस वर्षं केलं होतं. पहिल्या वर्षी बातम्या वाचायला बसवलं तेव्हा यंत्रावरचा काटा लाल रेघेपलीकडे गेला आणि बातम्या संपेपर्यंत परत आला नाही. कँटीनमधल्या लोकांनी त्या बातम्या रेडिओ न लावता ऐकल्या.

"नोंग, समोर माइक आहे," मी म्हटलं.

"दिसतोय ना, सर. पण ऐकणारा लांब आहे."

दुसरी अडचण अशी, की तो प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायचा. 'राज्यपाल, राज्यपाल, राज्यपाल आज आपल्या प्रांतात, आपल्या प्रांतात.' ही सवय सुटायला दोन वर्षं गेली. टीव्हीच्या तासाला तो कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्या वरून लांब कुठेतरी बघायचा, आणि दाराबाहेरून पिशवी घेतलेलं कुणी गेलं की बातमी अर्ध्यावर सोडून त्याचा हात आपोआप वर जायचा. ही सवय सुटली नाही. आम्ही दार लावून घ्यायला लागलो.

तरी त्याला टीव्हीचं वेड नव्हतंच. त्याला हवा होता शहरातल्या एका रेडिओ स्टेशनवरचा पहाटेचा निवेदनांचा कार्यक्रम. कुणाची म्हैस सुटली, कुणाचं दफन कधी आहे, मनिलाहून येणाऱ्या कुणाला बंदरावर कुणी भेटावं, असा एक तास. तो कार्यक्रम करणारे म्हातारे निवेदक जूनमध्ये निवृत्त होणार होते. मॅनेजरने दोल्फोचा आवाज ऐकला आणि सांगितलं, "आवाजाबद्दल शंकाच नाही. कागद आणा." कागद म्हणजे पदवी. पदवीमध्ये आता एकच परीक्षा उरली होती, आणि आमच्याकडे नियम आहे, की नऊ वर्षांत पदवी झाली नाही तर जुने सगळे विषय रद्द होतात. मार्चमधली ती परीक्षा गेली असती, तर दोल्फोला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी 'प्रसारणाची ओळख, भाग एक' पासून सुरुवात करावी लागली असती. तो विषय मीच शिकवतो. मलाही ते नको होतं.

परीक्षा म्हणजे कॉलेजच्या छोट्या स्टेशनवरून वीस मिनिटांची थेट मुलाखत. पाहुणा ज्याचा त्याने आणायचा. काचेच्या अलीकडे परीक्षक म्हणून मी आणि आमचे डीन, डॉ. सुबाल्दो. डीनसाहेबांनी प्रसारणातल्या शांततेवर एक छत्तीस पानी पुस्तिका लिहिली आहे. शांतता हा कसा शत्रू आहे, ते त्यात पहिल्या पानावर सांगितलं आहे आणि उरलेल्या पस्तीस पानांवर पुन्हा. त्यांच्या नियमाप्रमाणे पाच सेकंदांहून जास्त काही ऐकू आलं नाही तर एक चूक, आणि अशा तीन चुका म्हणजे नापास. सेकंद मोजायचं घड्याळ माझ्या हातात.

दोल्फोने पाहुणा विचार करून निवडला होता. गावचे एक कौन्सिलर. त्यांना नुसतं 'शुभ दुपार' म्हणायला चार मिनिटं लागतात.

"यांना बोलतं करायला नको, सर, थांबवायला लागेल," तो म्हणाला. "थांबवणं मला जमतं."

परीक्षा दोन वाजता होती. पावणेदोनला कौन्सिलरांचा निरोप आला, की शेजारच्या वस्तीत कुणी वारलं आहे आणि त्यांना तिकडे जाणं भाग आहे. मे महिन्यात निवडणुका होत्या. त्या दिवसांत आमच्याकडे कुठलीच शवपेटी कौन्सिलरशिवाय राहत नाही.

दोल्फो व्हरांड्यात उभा राहिला. तिथे त्याच्याखेरीज एकच माणूस होता, ज्यांच्या गाडीतून तो आला होता ते ताय पोन्सो. ताय म्हणजे बाबा. मार्गावरचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर म्हणून त्यांना सगळेच ताय म्हणतात. कॉलेजचं थंड पाणी फुकट असतं म्हणून ते वर आले होते.

"ताय, आत येता जरा? वीस मिनिटं. गप्पा मारायच्या."

ताय पोन्सोंनी ओठ पुढे काढून खाली उभ्या गाडीकडे दाखवलं.

"तिला काय होतंय? सावलीत आहे ती."

ताय पोन्सोंनी ग्लास जागेवर ठेवला आणि त्याच्यामागून चालू लागले. मी दोल्फोला बाजूला घेतलं.

"नोंग, हे बोलतात ना? मी इतकी वर्षं यांच्या गाडीने येतो-जातो, मला आवाज आठवत नाही."

"काय सर, दिवसभर तळावर आमच्या गप्पाच तर चालतात. त्यांच्या बायकोचं गुडघ्याचं दुखणं, मुलीचं दुबईचं, सगळं मला माहितीये."

हे त्याने इतक्या खात्रीने सांगितलं की मी घड्याळ घेऊन काचेच्या अलीकडे जाऊन बसलो.

मुलाखत चांगली सुरू झाली. दोल्फोने पाच मिनिटं मार्गाची आणि पाहुण्याची ओळख करून दिली, प्रत्येक गोष्ट एकदाच. आवाज काट्याच्या आत. डीनसाहेबांनी समाधानाने पेनाचं टोपण काढलं. मग दोल्फोने विचारलं, किती वर्षं गाडी चालवता. एकतीस, तायनी सांगितलं. एकच रस्ता, कंटाळा नाही आला? छे. पहिली गाडी कुणाची होती? सासऱ्यांची, तिकडे, समुद्राच्या बाजूला राहायचे ते. म्हणजे गाडीसाठी लग्न केलंत की काय? यावर तायनी जे उत्तर दिलं, त्याने डीनसाहेब मोठ्याने हसले. मीही हसलो. मोठ्या वादळात पुलावरून गाडी नेलीत ती तुम्हीच ना? हो. भीती? थोडी. बायको काय म्हणाली? बायकोने काय म्हणावं, तेही तायनी असं सांगितलं की ती बाई डोळ्यांसमोर उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. फाटकावरचा रखवालदार बेर्तिंग होता. तो दिवसभर ट्रान्झिस्टरवर आमचंच स्टेशन लावून बसतो, कारण त्याच्या ट्रान्झिस्टरवर दुसरं लागत नाही.

"सर, स्टेशन बंद पडलंय का? मगाशी नोंग दोल्फोचा आवाज येत होता. आता नुसता पंखा ऐकू येतोय."

मी काचेकडे बघितलं. दोल्फो आणि ताय पोन्सो रंगात आले होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ताय पोन्सोंनी स्टुडिओत आल्यापासून तोंड उघडलेलंच नाही. एकतीस त्यांनी बोटांनी दाखवलं होतं. हो म्हणजे भुवया वर. छे म्हणजे नाकाला सुरकुती. समुद्राची बाजू ओठांनी. बायकोचं उत्तर संपूर्ण चेहऱ्याने. आणि समोरचा माणूस ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत आपण बोलावं, एवढी सभ्यता दोल्फोकडे असल्याने तिसऱ्या प्रश्नापासून प्रश्नही भुवयांनीच चालले होते. काचेअलीकडे आम्ही दोघं प्रसारणतज्ज्ञ ही मुलाखत मन लावून ऐकत होतो.

यंत्राने आवाज नसलेला वेळ नोंदवला होता: एक मिनिट बावन्न सेकंद. माझ्या हातातल्या घड्याळावर शून्य होतं.

"तुम्ही सेकंद मोजत होतात ना?" डीनसाहेबांनी विचारलं.

"मी ऐकत होतो, सर."

"काय ऐकत होतात?"

"आपण हसलात तेच."

डीनसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या नियमाने दोल्फो नापास झाला होता, तोही बावीस वेळा. मी बटण दाबून त्याच्या कानात सांगितलं, "नोंग, बाहेर काहीच जात नाहीये. जवळजवळ दोन मिनिटं झाली."

त्याचा चेहरा मला काचेतून दिसला. अजून तेरा मिनिटं होती आणि ती कशासाठी काढायची, हे त्याला कुणी सांगू शकलं नसतं. मला वाटलं, उठेल आता. पण वीस वर्षं तळावर काढलेला माणूस रिकाम्या गाडीसमोरून असा उठत नाही. तो माइककडे वळला.

"मंडळी, मगाचपासून आमच्या गप्पा चालल्यात, पण तुमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. चूक माझी. आता काय काय झालं ते सांगतो. ताय पोन्सोंच्या भुवया पांढऱ्या आहेत, डावी जरा वर. लग्नाचं विचारलं तेव्हा दोन्ही टोपीत गेल्या. सासऱ्यांचं नाव काढलं तेव्हा डावी एकटीच खाली आली, त्यावरून समजा. वादळाचं विचारलं. यांनी पुलावरून गाडी नेली, मंडळी. पाणी चाकांच्या वर. आत चाळीस माणसं."

ताय पोन्सोंच्या नाकाला सुरकुती पडली.

"चाळीस, मंडळी," दोल्फो म्हणाला, कारण माणसं मोजताना तळावरच्या कुणाचाही हात सढळच असतो. "शिवाय टपावर दोन डुकरं."

"तेवीस," ताय पोन्सो म्हणाले.

तो आवाज बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा होता. डीनसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"आणि डुक्कर एक," ताय पोन्सो म्हणाले. "दुसरी शिलाई मशीनची पेटी होती. तू नव्हतास तिथे."

"नव्हतो, ताय. म्हणूनच तर विचारतोय."

"मग चाळीस कशाला सांगतोस लोकांना?"

"तुम्ही काही बोलत नव्हता, ताय. मी आपला भरत होतो."

ताय पोन्सोंनी यावर विचार केला. मग माइक जवळ ओढून घेतला, आणि मला वाटतं एकतीस वर्षांचं जे साठलं होतं ते एकेक करून मोकळं व्हायला लागलं.

"मी गाडीत बोलत नाही," ते म्हणाले. "म्हणून लोकांना वाटतं मला ऐकूही येत नाही."

पुढची सहा मिनिटं आमच्या स्टेशनच्या इतिहासात तशी दुसरी नाहीत. दोल्फोने अधूनमधून फक्त 'मग?' विचारलं. ताय पोन्सोंच्या मागे बसून जावईबापूंना नावं ठेवणारी बाई आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसून तिला नावं ठेवणारे जावईबापू. ओतोनला बसणारी शिंपीण, जिचं मनिलाचं कापड ओतोनच्याच बाजारातून येतं. ताय पोन्सो एकाचंही नाव घेत नव्हते, पण कोण कुठे चढतं, हातात काय असतं आणि कुठे उतरतं, एवढं सांगत होते. आमच्या भागात त्यापुढे नाव लागत नाही.

"मी तोंड उघडलं असतं," ते म्हणाले, "तर एकट्या गिंबालमधली तीन लग्नं मोडली असती. एक जुळलंही असतं. त्याचं मला वाईट वाटतं."

फोन वाजला. बेर्तिंगच होता.

"सर, जरा आवाज वाढवता येईल का? इथे फाटकाशी माणसं थांबलीत."

डीनसाहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं होतं. "हे बोलणं आहे," ते मला म्हणाले. "याला म्हणतात प्रसारण. शांतता कशी शत्रू असते, बघा." ते लिहायला लागले, म्हणून पुढचं वाक्य आलं तेव्हा त्यांची मान खाली होती.

"दर रविवारी एक मोठे शिकलेले साहेब असतात," ताय पोन्सो सांगत होते. "पांढरा बारोंग शर्ट, समारंभाचा, कडक इस्त्रीचा. हातात बायबल. बायको फाटकापर्यंत सोडायला येते. तिला सांगतात, शहरातल्या चर्चमध्ये आज वाचनाची पाळी माझी. पैसे देतात शहरापर्यंतचे. आणि उतरतात अर्ध्या वाटेत, तिगबावानला."

डीनसाहेबांचं पेन थांबलं.

"तिगबावानलाही चर्च आहे, ताय," दोल्फो म्हणाला.

"आहे ना. डाव्या हाताला. साहेब काय डावीकडे वळत नाहीत. साहेब वळतात—" आणि ताय पोन्सोंनी ओठ पुढे काढून उजवीकडे दाखवलं.

तिगबावानला उजवीकडे काय आहे ते मार्गावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. रविवारी सकाळी तिथे कोंबड्यांच्या झुंजी लागतात. पण ओठ रेडिओवर दिसत नाहीत. पाहुण्याने काही नुसतं दाखवलं, तर मुलाखतकाराने ते शब्दांत विचारून घ्यायचं, हे दोल्फोला मी नऊ वर्षं शिकवत होतो, आणि त्या दुपारी त्याला ते चांगलंच समजलेलं होतं. विचारायचं फक्त एकच होतं: कुठे वळतात, ताय?

मी घड्याळ सुरू केलं. एक. दोन. तीन. डीनसाहेब उभे राहिले होते. शांततेविरुद्ध छत्तीस पानं लिहिलेल्या त्या माणसाने काचेमागे तोंडावर बोट ठेवलं होतं. चार.

जीप भरली की पुकारा करणारा पत्र्यावर दोन थापा मारतो. त्या ऐकल्या की ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, कुणाचं बोलणं संपायची वाट बघत नाही, गाडी काढतो. दोल्फोने टेबलावर दोन थापा मारल्या.

ताय पोन्सोंनी ओठ मिटले. उठले, टोपी सारखी केली आणि निघून गेले. काही क्षणांनी खाली इंजिन सुरू झालं.

"ताय पोन्सोंची गाडी सुटली, मंडळी," दोल्फो माइकमध्ये म्हणाला. "साहेब कुठे वळतात ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माणूस उतरला की पुढचा रस्ता त्याचा. आता त्यांच्या गाडीत सापडलेल्या वस्तूंची यादी घ्या."

पावणेचार मिनिटं उरली होती आणि समोर पाहुणा नव्हता. त्याने खिशातून तळावरचा चुरगळलेला कागद काढला. लहान मुलाची डाव्या पायाची निळी चप्पल, मंगळवारच्या दुपारची गाडी. रुमालात बांधलेली कवळी, वरची, मालकाने जेवणाआधी यावं. एक छत्री, जिला आपली म्हणणारे आतापर्यंत तिघं आले, तर खऱ्या मालकाने मुठीवर काय कोरलंय ते सांगून न्यावी. कोंबडीची तीन पिल्लं खोक्यात होती, आता चार आहेत. हे कसं झालं ते मालकाने येऊन समजावून सांगावं. प्रत्येक वस्तू एकदाच. आवाज काट्याच्या आत. वीस मिनिटं पुरी झाली तेव्हा मला घड्याळ बंद करायला उशीर झाला, कारण मी ऐकत होतो, आणि या वेळी खरोखरच.

डीनसाहेबांनी दार लावलं. माझ्यासमोर गुणपत्रक होतं. त्यात 'शांतता' नावाचा एक रकाना आहे.

"इथे काय लिहायचं, सर?" मी विचारलं. "एक मिनिट बावन्न. नियमाने नापास होतो."

डीनसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"शांततेचे प्रकार असतात," ते म्हणाले.

"आपल्या पुस्तिकेत नाहीत."

"दुसरी आवृत्ती काढायचीच आहे मला."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, शेऱ्याच्या जागी 'पाहुण्याला कुठे थांबवावं याची उत्तम जाण' असं लिहिलं आणि सही केली. मी रकान्यात शून्य गुण घातले, कारण कुणीतरी घालायला हवे होते. बाकीचं धरून दोल्फो उत्तीर्ण होत होता. आमच्याकडे उत्तीर्ण होण्याचा जो सगळ्यांत खालचा आकडा आहे, तीन, तो त्याच्या नावापुढे बसला.

दोल्फोला आत बोलावलं. डीनसाहेबांनी कागद पुढे केला, पण सोडला नाही.

"हेल्यादा, हे ताय पोन्सो आणखी कुणाशी बोलतात?"

"माझ्याशी, सर. दिवसभर."

"म्हणजे तुम्हाला माहीत असेल, ते साहेब वगैरे."

"सर, मी दाराशी उभा असतो. लोक चढतात एवढं दिसतं."

डीनसाहेबांनी कागद सोडला. नंतर दोल्फोने मला शपथेवर सांगितलं, की त्याने काचेकडे बघितलंच नव्हतं. साहेब कुणीही असते तरी त्या थापा पडल्याच असत्या. मी विश्वास ठेवला. डीनसाहेबांनी ठेवला नसावा, कारण जूनमध्ये शहरातल्या स्टेशनला त्यांनी स्वतःहून शिफारसपत्र पाठवलं. दोन पानी होतं.

त्या दिवशी मात्र दोल्फोने कागद दोनदा वाचला.

"तीन, सर?"

"शांततेचे गुण कापलेत, नोंग. दोन मिनिटं होती."

"एक मिनिट बावन्न."

"एक मिनिट बावन्न."

"बरोबर आहे मग," तो म्हणाला, आणि कागद शर्टाच्या आत ठेवून तळाकडे पळाला. चारची गाडी भरायची होती.

मी पोचलो तेव्हा ताय पोन्सोंची गाडी उभी होती आणि दोल्फो नेहमीच्या आवाजात ओरडत होता, "शहर, शहर, शहर, एकच जागा, एकच!" मला वाटलं नेहमीचंच. आत डोकावलो तर खरंच सगळे बाक भरलेले होते, माणसं अंग चोरून बसलेली, मांडीवरच्या पिशव्या दोन्ही हातांनी धरलेल्या, आणि कुणीही कुणाशी बोलत नव्हतं. ड्रायव्हरशेजारची जागा तेवढी मोकळी होती.

मी गिंबालपर्यंत तिथे बसून गेलो. वाटेत काही बोललो नाही.